चिंता टिकते कशी आणि ती सैल कशी करायची

चिंतेचा त्रास वर्षानुवर्षं रेंगाळतो, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा चिंतेतून सुटण्यासाठी आपणच करत असलेले उपाय असतात. गर्दी टाळायची, घरी चारदा फोन करायचा, सारखी नाडी बघायची, पर्समध्ये गोळी असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. त्या घटकेला या उपायांनी खरंच बरं वाटतं, आणि म्हणूनच ते सुटत नाहीत. हे चक्र कसं चालतं ते नीट कळलं की ते कुठे तोडायचं हेही कळतं. इथे उदाहरण म्हणून लोकलमध्ये जीव घाबरा होणारी व्यक्ती घेतली आहे. पण एसटी, लिफ्ट, बँकेतली रांग, लग्नाचा हॉल, एमआरआयचं मशीन, कुठेही रीत तीच.

अंगात काय होतं

मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून तळहात गार पडतात, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते. बाहुल्या मोठ्या होतात, म्हणून ट्यूबलाइटचा उजेडही डोळ्यांवर येतो. घाम सुटतो, कारण पळावं लागलं तर अंग तापू नये. ही सगळी तयारी पळण्याची किंवा लढण्याची असते. अडचण एवढीच की आपण फलाटावर उभे असतो आणि समोर पळण्याजोगं काही नसतं.

यातला श्वासाचा भाग सर्वांत जास्त घाबरवतो. ‘श्वास पुरत नाही’ असं वाटतं म्हणून माणूस मोठमोठे श्वास घेतो. प्रत्यक्षात ऑक्सिजन भरपूर असतो. गरजेपेक्षा जास्त श्वास बाहेर टाकल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सगळं लांब गेल्यासारखं वाटतं. बरगड्यांमधले स्नायू दमले की छातीत दुखतं. मग माणूस आणखी मोठे श्वास घेतो. ‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला इथे अनेकदा उलटतो तो यामुळे.

‘मी चक्कर येऊन पडणार’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा रक्तदाब एकदम उतरल्यामुळे. घाबरण्याच्या झटक्यात तो उलट चढतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. रक्त, जखम किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचा दाब आधी चढून मग खरोखर खाली येतो आणि ते पडतात. त्यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे: हात, पाय, पोट घट्ट आवळून १० ते १५ सेकंद धरायचं, चेहरा गरम झाला की सोडायचं, २०-३० सेकंद थांबून पुन्हा, असं पाच वेळा. रक्त तपासायला जाण्याआधी ही सवय घरी आठवडाभर करून ठेवावी.

झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला पोहोचतो आणि मग उतरतो. अंगातलं अ‍ॅड्रेनलिन जिरत जातं, नंतर गळून गेल्यासारखं होतं. तो कायम चढत राहत नाही, तशी शरीराची रचनाच नाही. पण बहुतेकांनी हा उतार कधी पाहिलेलाच नसतो, कारण त्याआधीच ते गाडीतून उतरलेले असतात.

चक्र कसं फिरतं

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकचं, म्हणजे अशा झटक्याचं, जे चित्र मांडलं, ते आजही उपचारांचा पाया आहे. अंगात एखादी साधी जाणीव होते, उदाहरणार्थ जिना चढल्यावर धडधड. मन तिचा भयंकर अर्थ लावतं: ‘हार्ट अटॅक येतोय.’ त्या अर्थाने आणखी अ‍ॅड्रेनलिन सुटतं, धडधड वाढते, आणि अर्थ खरा ठरल्यासारखा वाटतो. मन चिंती ते वैरी न चिंती, हे इथे अक्षरशः लागू पडतं.

मग येते कृती. माणूस उतरतो, पाणी पितो, दार धरून उभा राहतो, आईला फोन लावतो. भीती ओसरते. मेंदू हिशेब मांडतो की उतरलो म्हणून वाचलो. न उतरताही वाचलो असतो, हे शिकायची संधी गेली. पुढच्या वेळी भीती थोडी आधी सुरू होते: गाडीत नाही तर फलाटावर, मग रिक्षात, मग आदल्या रात्री अंथरुणातच.

आधी एकदा शरीर तपासून घ्या

छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, श्रम केल्यावर वाढत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम फुटून मळमळत असेल, वय चाळिशीपुढे असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका. सरळ रुग्णालय गाठा किंवा १०८ला फोन करा. हृदयविकार आणि पॅनिक यांतला फरक घरी बसून ठरवण्याचा नाही.

एरवी फॅमिली डॉक्टरांकडून एकदा ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्यावं. वाढलेलं थायरॉइड आणि रक्तक्षय दोन्हीही धडधड घडवतात. दम्याच्या पंपातल्या काही औषधांनीही हात थरथरतात, तेव्हा चालू औषधं डॉक्टरांना सांगा. सगळं ठीक आलं की नवं लक्षण दिसेपर्यंत पुन्हा तपासण्या नकोत. दर महिन्याला ईसीजी काढणं हा चक्राचाच भाग होतो: कागद हातात पडला की दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी ‘त्यांच्या नजरेतून काही सुटलं असेल तर?’ घरातलं बीपीचं मशीन आणि मनगटावरचं घड्याळ याच कामाला जुंपलं जातं.

दोन आठवडे फक्त लिहा

या काळात काहीही बदलायचं नाही. साधी वही घ्या, सहा रकाने आखा: वेळ आणि जागा, अंगात काय झालं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, मी काय केलं, भीती ० ते १०० मध्ये किती, आणि ते केल्यावर किती. नोंद शक्यतो अर्ध्या तासाच्या आत करायची. रात्री आठवून लिहिलं की वाक्य बदलतं, ‘जरा अस्वस्थ वाटलं’ एवढंच उरतं आणि तेवढ्यावर काम करता येत नाही.

चांगली नोंद अशी दिसते: ‘मंगळवार, सकाळी ९.१०, ठाणे, फलाटावर. धडधड, तोंडाला कोरड, बोटांना मुंग्या. वाक्य: गाडी मध्येच थांबली तर माझा श्वास कोंडेल आणि गर्दीत कुणाला कळणारही नाही. केलं: दोन गाड्या सोडल्या, स्टेशनबाहेर आले, कॅब केली. भीती ८५, कॅबमध्ये बसल्यावर २०.’ शेवटचे दोन आकडे नीट पाहा. ८५ वरून २० ही उडीच माणसाला उद्या पुन्हा कॅबकडे ओढते.

दोन आठवड्यांनी वही वाचून एक यादी काढा: मी कशाकशाचा आधार घेतो? पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, सोबत कुणीतरी हवं, कानात गाणी, ‘मला काही होणार नाही ना?’ असं नवऱ्याला विचारणं, गुगलवर लक्षणं शोधणं. यादी लांब झाली तर तिचा उपयोग जास्त.

सोबत चिंता किती तीव्र आहे ते मोजणारी जीएडी-७ ही प्रश्नावली भरता येते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटावं. हा आकडा म्हणजे निदान नाही, पण महिन्याने पुन्हा भरून फरक मोजायला तो चांगला.

झटका आलाच तर

पहिलं काम म्हणजे नाव देणं: ‘हे पॅनिक आहे, दहा-पंधरा मिनिटांत उतरेल.’ मग आहे तिथेच थांबा. खांदे सैल सोडा, नाकाने श्वास घ्या, मोठा नाही, साधा. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. पोट हलावं, छाती नाही. पाच मिनिटं पुरे. गरगरल्यासारखं वाटलं तर तुम्ही श्वास फार मोठा घेताय, तो लहान करा. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका; त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ते धोक्याचं ठरतं.

हा श्वास झटक्याच्या वेळी नव्याने शिकता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, मन शांत असताना सराव हवा. प्राणायामाची सवय असेल तर संथ अनुलोम-विलोम चालेल; कपालभाती, भस्त्रिकेसारखे वेगाचे प्रकार पॅनिकच्या सुरुवातीच्या दिवसांत बाजूला ठेवलेले बरे, कारण ते तीच मुंग्यांची आणि हलक्या डोक्याची जाणीव जागी करतात.

भीतीची शिडी

खरा बदल इथे होतो. ज्या गोष्टी टाळता त्या लिहा, प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा टाका आणि ३०-४० पासून चढत जा. ठाण्याहून दादरला कामाला जाणाऱ्या आणि सध्या कॅबवर पगार घालवणाऱ्या बाईची शिडी साधारण अशी होईल:

दुपारी दीड वाजता ठाणे स्टेशनच्या बाकावर वीस मिनिटं बसणं, गाड्या जाऊ देणं: ३०
दुपारची धीमी लोकल, ठाणे ते मुलुंड, बहिणीबरोबर: ४०
तेच एकटीने: ५०
धीमी लोकल, ठाणे ते घाटकोपर, दारापासून लांब बसून: ६०
धीमी लोकल थेट दादरपर्यंत: ६५
दुपारची जलद लोकल, दादरपर्यंत: ७५
सकाळच्या गर्दीची जलद लोकल, डब्यात आत उभं राहून: ९०

धीम्या गाडीचं दार दर काही मिनिटांनी स्टेशनवर येतं, जलद गाडी मधली स्टेशनं गाळते. घाबरलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा असतो, म्हणून त्या दोन वेगळ्या पायऱ्या.

प्रत्येक पायरीआधी वहीत भाकीत लिहा: ‘भांडुपपर्यंत मी चक्कर येऊन पडेन, शक्यता ८० टक्के.’ नंतर लिहा: ‘डोकं हलकं झालं, पडले नाही.’ हे दोन ओळींचं काम कंटाळवाणं वाटतं, पण ते गाळू नका. मेंदू शिकतो तो भाकीत आणि अनुभव यांतल्या फरकातून. नुसता प्रवास ‘नशिबाने वाचले’ या खात्यात जमा होतो.

मुलुंडचा प्रवास काही मिनिटांचाच असल्यामुळे एका फेरीत काही शिकायला मिळत नाही. जा, परत या, पुन्हा जा. चार फेऱ्या करा. भीती अर्ध्यावर येईपर्यंत किंवा भाकीत खोटं ठरल्याचं स्पष्ट दिसेपर्यंत त्या प्रसंगात राहायचं. आठवड्यातून निदान तीन-चार वेळा. एखादी पायरी सोपी वाटू लागली, ओळीने दोन-तीन दिवस भीती ३० च्या आत राहिली, की पुढची.

शिडी फसते त्याची कारणं ठरलेली आहेत. सर्वांत मोठं म्हणजे भीती शिखरावर असताना उतरणं. उतरावंच लागलं तर फलाटावर दहा मिनिटं बसा आणि पुढची गाडी पकडा. तिथून घरी गेलात तर धडा उलटा पक्का होतो. दुसरं, गाडीत बसायचं पण डोळे मोबाइलमध्ये आणि कानात स्तोत्र, म्हणजे शरीर गाडीत आणि लक्ष पळालेलं. स्तोत्र म्हणणं वाईट नाही, पण ‘ते म्हटलं म्हणून वाचले’ असं मनात बसत असेल तर या वेळेपुरतं थांबवा. तिसरं, श्वासाचा व्यायाम. झटक्यात तो मदत करतो, पण शिडीवर दर मिनिटाला तो करत राहिलात तर तोही पाण्याच्या बाटलीसारखा आधार होऊन बसतो. वरच्या पायऱ्यांवर तो सोडायचा. आणि ‘आज बरं वाटत नाही, उद्या जाऊ’ याला अंत नसतो. दिवस आणि गाडीची वेळ आधीच ठरवा.

आधाराच्या यादीतल्या गोष्टीही अशाच एकेक सोडायच्या: आधी बाटली पिशवीच्या तळाशी, मग घरी.

अंगातल्या जाणिवांचीच भीती असेल तर त्या मुद्दाम आणायच्या. एक मिनिट जागच्या जागी धावणं, फिरत्या खुर्चीवर एक मिनिट गरगर फिरणं, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घेणं. जाणीव आली की काही न करता ती ओसरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा, असं तीन वेळा. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मनातली वाक्यं

‘मला काहीही होणार नाही’ असं घोकून फायदा होत नाही, कारण मन लगेच विचारतं, ‘कशावरून?’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती इथे नेमकी कामी येते. तिचं म्हणणं असं की त्रास देतो तो हट्ट: ‘गाडीत मला घाबरायला होताच कामा नये.’ त्याऐवजी ‘घाबरायला झालं नाही तर बरं, पण झालं तर मी ते सोसू शकते’ हे वाक्य खरंही आहे आणि पेलणारंही. चिंतेची चिंता करणं, ‘एवढ्याशा गोष्टीला मी घाबरते म्हणजे मी दुबळी’ असा शिक्का मारणं, हा दुसरा थर पहिल्यापेक्षा जास्त छळतो. तो आधी उतरवा.

ज्यांना झटके येत नाहीत, पण दिवसभर डोक्यात काळजी दळत राहते, हप्ता, मुलाची बारावी, उशिरा परतणारी मुलगी, त्यांनी चिंतेला वेळ नेमून द्यावी. रोज संध्याकाळी ठरलेली वीस मिनिटं, अंथरुणात नाही, खुर्चीवर बसून. एरवी काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि त्या वेळेवर ढकलायची. वेळ झाली की प्रत्येक ओळीला विचारायचं: या आठवड्यात यावर मी काही करू शकते का? हो असेल तर एकच कृती, वार आणि वेळेसकट: ‘गुरुवारी ११ वाजता बँकेत जाऊन हप्त्याची तारीख बदलून मागणे.’ नाही असेल तर ती ओळ तशीच सोडायची. तिचं उत्तर शोधत बसायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस हे जमत नाही, काळजी मध्येच घुसते. पुन्हा लिहायचं, पुन्हा ढकलायचं.

चहाचं पाहा. चार-पाच कप होत असतील तर एकदम बंद करू नका, डोकं धरतं. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि दुपारी तीननंतर नको. तंबाखू आणि मिश्रीतलं निकोटिन धडधड वाढवतं. दारू रात्री शांत करते आणि पहाटे दुप्पट घाबरवते. कडक उपवासाला रिकाम्या पोटी चहावर चहा झाला तर हातांना सुटणारा कंप पॅनिकसारखाच भासतो.

घरच्यांसाठी

‘कशाला एवढं मनाला लावून घेतेस’ याने माणूस गप्प होतो, बरा होत नाही. आणि ‘काही होणार नाही गं’ असं दिवसातून वीसदा सांगणं हाही आधारच. आधी शांत वेळी दोघांनी ठरवून घ्या, आणि मग विचारणा झाली की म्हणा, ‘भीती वाटतेय ते दिसतंय. याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. मी इथेच आहे.’ न ठरवता अचानक गप्प बसलात तर ते तुटकपणाचं वाटतं. शिडीच्या पहिल्या पायऱ्यांवर सोबत जा, मग एक डबा सोडून बसा, मग फलाटावर थांबा.

तज्ज्ञ आणि औषधं

सहा-आठ आठवडे मनापासून करूनही फरक नसेल, कामावर जाणं बंद झालं असेल, किंवा सोबत उदासी असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. जाताना वहीची दोन पानं घेऊन जा; डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि ‘काय होतं ते सांगताच येत नाही’ ही अडचण राहत नाही.

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं सवय लावणारी नाहीत, पण त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. अनेकजण नेमके तेव्हाच गोळी सोडतात. त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा, मात्रा कमी करून सुरुवात करता येते. बरं वाटल्यावरही औषध काही महिने चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामची गोष्ट वेगळी. ती अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणूनच सवय लागते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक; शेजाऱ्यांच्या पट्टीतून उसनी घेऊन नाही, आणि दारूबरोबर तर कधीच नाही. वर्षानुवर्षं घेत असाल तर हे वाचून एकदम थांबवू नका, फिट्स येऊ शकतात. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल दमा असणाऱ्यांना चालत नाही, तेव्हा दम्याचं आधीच सांगा.

भीती परत आली तर

आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू किंवा पंधरा दिवस गाडीत बसणंच न झाल्यावर भीती पुन्हा डोकं वर काढते. केलेलं काम वाया गेलं असा याचा अर्थ नाही. शिडीवर दोन पायऱ्या खाली उतरा, तिथून पुन्हा चढा. या खेपेला बहुधा कमी दिवस लागतात. आधाराची जुनी यादी काढून बघा, त्यातलं काय नकळत परत आलंय, बाटली, दाराजवळची जागा की तपासण्या, आणि सर्वांत आधी तेच सोडा.